खाऱ्या हवेत कोणती सुरी टिकते : पोलाद, जाडी आणि म्यान

प्रश्न थोडक्यात असा आहे. राहणं गुहागरच्या बाजूला. कातळावर गरवायला (गळाने मासे धरायला) जाणं, खाडीत होडी, घरामागे आंबा-काजूची बाग, आणि थंडीत सह्याद्रीत दोन-तीन दिवसांची भटकंती. या सगळ्याला पुरेल अशी साडेतीन-चार इंच पात्याची फिक्स्ड ब्लेड, म्हणजे न दुमडणारी, सुरी हवी आहे. समोर चार पर्याय आहेत: स्वीडनच्या मोराची स्टेनलेस कंपॅनियन, काळा लेप दिलेली १०९५ कार्बन स्टीलची अमेरिकन ईएसईई-३, डी-२ पोलादाची एक सुरी, आणि गावच्या लोहाराने ‘ट्रकच्या पाट्याची’, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगच्या पट्टीची, ‘करून देतो’ म्हटलेली. यातलं कोणतं पोलाद चांगलं?

किनाऱ्यावर वापरायची एकच सुरी घ्यायची असेल तर स्टेनलेस घ्या, आणि पातळ घ्या. १२सी२७ किंवा १४सी२८एन या जातीचं पोलाद, २.५ ते ३ मि.मी. जाडीचं पातं, तळाशी भोक असलेलं प्लास्टिकचं म्यान. चारांपैकी मोरा यात बसते. लोहाराकडची सुरी जरूर करून घ्या, पण ती बागेसाठी आणि घरासाठी. डी-२ या कामाला घेऊ नका. १०९५ वाईट पोलाद नाही, पण कातळावर त्याच्या मागे रोज लागावं लागेल.

आधी कामाचा विचार करू. परदेशी माहितीत छोट्या सुरीवर लाकूड फोडण्याचं, फांद्या तोडण्याचं कामही टाकलेलं असतं, म्हणून तिकडे चार-साडेचार मि.मी. जाडीची पाती कौतुकाने घेतली जातात. कोकणात ते काम कोयत्याचं आहे आणि कोयता घरोघरी आहे. नारळ सोलणं, झावळ तोडणं, चिव्याची काठी छाटणं, वाटेतली करवंदीची जाळी मारणं, यातलं काहीच छोट्या सुरीला करायचं नाही. तिच्या वाट्याला येतात ती बारीक कामं: आमिषाची कोळंबी कापणं, बांगडा साफ करणं, नायलॉनची दोरी आणि गुंतलेली तंगूस तोडणं, बांबूच्या खुंट्या तासणं, कलमाची पट्टी कापणं, काजूचं बोंड बीपासून वेगळं करणं, जंगलात कांदा चिरणं. ही सगळी कापायची कामं आहेत, फोडायची एकही नाही. कापायला पातळ पातं लागतं. सुरमईच्या पाठीवरून ४.५ मि.मी. जाडीचं पातं चालवून बघा, मांस कापलं न जाता बाजूला रेटलं जातं.

कालवं आणि तिसऱ्या मात्र या यादीतून काढून टाका. कातळावरची कालवं सुरीच्या टोकाने उचकटली की टोक मोडतं किंवा धारेला दाते पडतात. त्यात कोणत्याच पोलादाचा इलाज चालत नाही. त्यासाठी वेगळी बोथट लोखंडी पट्टी ठेवा.

आता गंजाचं. समुद्राच्या पाण्यात साधं मीठ असतं तसं मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यामुळे खाऱ्या पाण्यात भिजलेली सुरी फडक्याने पुसली, हाताला कोरडी लागली, तरी तिच्यावर राहिलेला मिठाचा पातळ थर रात्रभर स्वतःला ओला ठेवतो. कोकणातली हवा बहुतेक वर्षभर दमट, पावसाळ्यात तर ८० टक्क्यांच्या खाली क्वचितच येते. म्हणजे त्या थराला पाण्याची कमतरता कधीच पडत नाही. एवढ्यासाठीच नुसतं पुसणं पुरत नाही, गोड्या पाण्याने धुवावंच लागतं.

स्टेनलेस गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. क्रोमियम पृष्ठभागावर ऑक्साइडची अतिशय पातळ साय धरतं आणि ती आतल्या लोखंडाला झाकते. मिठातलं क्लोराइड ही साय जागोजागी भेदतं, आणि भेदलेल्या जागी टाचणीच्या टोकाएवढा खड्डा सुरू होतो. वरून एक तपकिरी ठिपका दिसतो, पण आत तो खोल जात असतो. म्यानात, मुठीच्या कडेला, पात्यावर कोरलेल्या अक्षरांत, जिथे हवा खेळत नाही आणि पाणी साचतं तिथे हे आधी होतं, कारण फाटलेली साय पुन्हा धरायला ऑक्सिजन लागतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, म्हणजे डी-२चा घोळ सुटतो. गंज रोखतं ते पोलादात विरघळलेलं, मोकळं क्रोमियम. कार्बन जास्त असला की तो क्रोमियमला पकडून कार्बाइडचे कठीण कण करतो. हे कण धार टिकवायला फार चांगले, पण त्यात अडकलेलं क्रोमियम गंज रोखायच्या कामातून गेलं. डी-२मध्ये क्रोमियम सुमारे १२ टक्के, पण कार्बन १.५ टक्के. म्हणून कागदावर ते स्टेनलेसच्या जवळ दिसतं आणि प्रत्यक्षात आगळाचे चार थेंब रात्रभर राहिले तर सकाळी खड्डे दाखवतं. १४सी२८एनमध्ये क्रोमियम १४ टक्के, कार्बन फक्त ०.६२, आणि सोबत ०.११ टक्के नायट्रोजन. नायट्रोजन कार्बनसारखा कठीणपणा देतो पण क्रोमियम तेवढं अडवत नाही, शिवाय खड्डे पडण्याला स्वतःही विरोध करतो. इतक्या साध्या, स्वस्त पोलादाची किनाऱ्यावर जी पत आहे ती या हिशोबामुळे.

आगळाचा उल्लेख सहज केलेला नाही. कोकमाचा रस हा आंबट, आणि आगळ म्हणजे तोच रस मीठ घालून टिकवलेला. आम्ल आणि क्लोराइड दोन्ही एका बाटलीत. सुरी विकणारा ‘शंभर टक्के स्टेनलेस’ म्हणत असेल तर मुठीजवळ, धारेपासून दूर, आगळात भिजवलेला कापसाचा लहान बोळा रात्रभर ठेवा. सकाळी फक्त डाग असेल आणि भांडी घासायच्या सोड्याने पुसला गेला, तर पोलाद खरं. नखाला खड्डा लागला तर ती सुरी समुद्रावर नेऊ नका.

आता एकेक पोलाद.

१०९५ म्हणजे सुमारे ०.९५ टक्के कार्बन, थोडं मँगनीज आणि बाकी लोखंड. बारीक धार घेतं, साध्या दगडावर पाच मिनिटांत तयार होतं, मार सोसतं. गंजाविरुद्ध मात्र त्याच्याकडे काहीच नाही. ईएसईई त्यावर जाड लेप देते आणि तो लेप पात्याच्या अंगाला चांगलं वाचवतो. पण धारेवर लेप नसतो, असूच शकत नाही. आणि गंज सगळ्यात महाग पडतो तो धारेवरच. धारेचं टोक हजारांश मि.मी.मध्ये मोजायचं, त्यावर एका रात्रीत चढलेला, डोळ्यांना न दिसणारा गंजसुद्धा धार खाऊन टाकतो. काल दाढी होईल इतकी धार लावलेली कार्बन स्टीलची सुरी न वापरताच आज टोमॅटोवर घसरते, ती याच कारणाने. बागेत, घरात, डोंगरात १०९५ उत्तम आहे. कातळावर गरवताना हात खारे असतात, सुरी तासाला चारदा म्यानात जाते-येते, आणि तिथे तेल लावत बसणं होत नाही.

५२१०० आणि आपल्याकडे मिळणारं ईएन-३१ हे जवळपास एकच, बेअरिंगचं पोलाद. एक टक्का कार्बन, दीड टक्क्याच्या आत-बाहेर क्रोमियम. एवढं क्रोमियम गंज थांबवत नाही, पण कण बारीक ठेवतं, म्हणून धार १०९५पेक्षा जास्त टिकते. कार्बन स्टीलच घ्यायचं ठरवलं असेल तर माझी पसंती याला.

‘स्टेनलेस’ एवढाच शिक्का असलेल्या, किंवा ३सीआर१३, ४२० अशी नावं असलेल्या स्वस्त सुऱ्या सहसा गंजत नाहीत, पण त्यांच्यात कार्बन कमी असल्याने धार मुडपते. एका बांगड्याच्या टोपलीतच धार जाईल. मासे साफ करताना दर थोड्या वेळाने दगडावर दोन हात मारायची तयारी असेल तर चालतात, नाहीतर नाही. बक या अमेरिकन कंपनीची ४२०एचसी याला अपवाद: नाव ४२०चं असलं तरी कार्बन सुमारे ०.४५ टक्के आहे आणि त्यांचं पाणी देणं (पातं तापवून, बुडवून कठीण करणं) चोख असतं. ८सीआर१३एमओव्ही हे त्याच्या वरचं, ०.८ टक्के कार्बनचं. भटकंतीला छान, किनाऱ्यावर धुतल्याशिवाय ठेवलं तर ठिपके धरतं.

व्हीजी-१० जपानी, एक टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम. धार १४सी२८एनपेक्षा जास्त टिकते, गंजही बऱ्यापैकी रोखतं. फॉल्कनिव्हेन या स्वीडिश कंपनीची एफ-१ या पोलादाची आहे आणि सुरी म्हणून ती भरवशाची, पण तिचं पातं ४.५ मि.मी. जाड. वर सांगितलेल्या कामांना ते जाडच.

खाऱ्या पाण्याला खऱ्या अर्थाने पुरणारी दोन पोलादं म्हणजे एच-१ आणि एलसी२००एन. दोन्हींत कार्बनची जागा बरीचशी नायट्रोजनने घेतली आहे. खाऱ्या पाण्यात भिजून तशीच पडून राहिली तरी त्यांना काही होत नाही. एच-१ सरळ धारेत लवकर बोथट होतं, म्हणून दोरी कापायला ते दातेरी धारेत घ्यावं. एलसी२००एनची धार त्याहून चांगली. होडीवर कायम बांधून ठेवायची, कधीही न धुतली जाणारी सुरी हवी असेल तरच यांच्यावर पैसे घाला. २०२१मध्ये आलेलं मॅग्नाकट हे गंज, चिवटपणा आणि धार या तिन्हींचा मेळ फार सुरेख घालतं. पण त्यात ४ टक्के व्हॅनेडियम आहे, आणि व्हॅनेडियमचे कार्बाइड साध्या दगडाच्या कणांपेक्षा कठीण असतात. ते लावायला हिऱ्याची प्लेट लागते. गावात हार्डवेअरच्या दुकानातला कुरुंदाचा दगड त्यावर फक्त चमक आणेल.

‘सर्जिकल स्टील’, ‘जर्मन स्टील’ आणि नक्षीदार ‘दमास्कस’ ही पोलादाची नावं नव्हेत. पोलादाचा ग्रेड सांगता येत नसेल तर त्या नक्षीला पैसे देऊ नका.

ग्रेडपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे पाणी कसं दिलं आहे. एकाच १४सी२८एनचं पातं ५५ रॉकवेलवरही (रॉकवेल हे कठीणपणाचं माप) मिळतं आणि ६०वरही, आणि दोन्ही हातात घेतल्यावर सारखीच दिसतात. घरी तपासायचे दोन उपाय आहेत. पहिला, बारीक दाताची नवी कानस पात्याच्या पाठीच्या टोकाला हलकेच ओढा. कानस घसरत गेली तर पातं कठीण, दात धरले आणि कीस निघाला तर मऊ. (पाठ मुद्दाम मऊ ठेवलेली असेल तर ही परीक्षा चुकते, म्हणून दुसरी करावी.) दुसरा, ६-८ मि.मी. जाडीची पितळी सळई शिकंज्यात धरा, धार तिच्यावर साधारण १५ अंशांत टेकवा आणि बेताने दाबत सरकवा. उजेडासमोर धार किंचित वाकलेली दिसेल. सळईवरून उचलल्यावर ती परत सरळ झाली तर पाणी बरोबर आहे. वाकलेलीच राहिली तर मऊ, तुकडा उडाला तर फार कडक.

यावरून लोहाराच्या सुरीकडे येऊ, कारण तिथे सगळं याच गोष्टीवर अवलंबून आहे.

ट्रकचा पाटा बहुतेक करून ईएन-४५सारखं, किंवा त्याच्या जवळचं, स्प्रिंगचं पोलाद असतं: कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर, सिलिकॉन आणि मँगनीज भरपूर. कोयत्याला याच्यासारखं पोलाद नाही. कोयता आपटायचा असतो, म्हणून लोहार त्याचं पाणी मुद्दाम जरा उतरवतो, नाहीतर गाठीवर तोंड उडेल. त्या हाताच्या सवयीने छोटी सुरीही तशीच मऊ होते आणि मग ‘पाट्याची सुरी धार धरत नाही’ असं नाव पडतं. दोष पाट्याचा नसतो. लोहाराला आधीच सांगा की ही कापायची सुरी आहे, आपटायची नाही, पाणी कडक ठेवा.

जुना पाटा वर्षानुवर्षं वाकलेला असतो आणि त्यात केसासारख्या चिरा असू शकतात. तुकडा घासून स्वच्छ केला की त्यावर रॉकेल लावा, पाच मिनिटं मुरू द्या, कोरडं पुसा आणि खडूची पूड भुरभुरा. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल खडूवर रेघ उमटवतं. तसा तुकडा टाकून द्यावा. शहरातल्या पोलादाच्या दुकानातून ईएन-४५ किंवा ईएन-३१ची नवी पट्टी आणून देणं त्याहून चांगलं.

पातं ठोकून आणि घासून पाठीला ३ मि.मी.वर आणावं, पण पाणी देण्याआधी धार एकदम पातळ करू नये. तिथे पाऊण ते एक मि.मी. जाडी ठेवावी. त्याहून पातळ धार पाणी देताना वाकते किंवा तडकते. त्याआधी पातं तीनदा तापवून, लोहचुंबक चिकटायचं बंद होईपर्यंत, हवेतच निवू द्यावं. ठोकताना आत बसलेला ताण त्याने जातो आणि कण बारीक होतात. मग शेवटचं तापवणं: चुंबक सुटल्यावर अजून एक छटा वर, आणि सरळ उभं तेलात. साधं शेंगदाण्याचं तेल चालतं, मात्र ते कोमट, ५०-६० अंशांवर असावं. थंड तेल घट्ट असतं आणि पात्यावरची वाफ लवकर सोडत नाही. पाण्यात बुडवायचा आग्रह लोहार करेल, कारण कोयता तो पाण्यातच देतो. एवढ्या पातळ पात्याला, त्यातून ईएन-३१ असेल तर, पाण्यात चीर जाण्याची भीती मोठी आहे. तेलातून काढल्यावर कानस घसरली पाहिजे.

त्यानंतर त्याच दिवशी, उद्यावर न टाकता, २०० अंशांवर दोन तास, निवल्यावर पुन्हा दोन तास. घरातला केक भाजायचा ओव्हन या कामाला भट्टीपेक्षा चांगला, फक्त आत वेगळा तापमापक ठेवा, कारण ओव्हनच्या बटणावरचा आकडा बऱ्याचदा खरा नसतो. घासून चमकवलेल्या पात्यावर फिकट गवती पिवळा रंग आला की झालं. तांबूस-जांभळा रंग दिसला तर पाणी उतरलं, सगळं पहिल्यापासून. शेवटचं घासणं सावकाश आणि पात्याला पाण्यात बुडवत करावं. ग्राइंडरवर धार एकदा निळी पडली की तेवढी जागा मऊ झाली, वरून कितीही घासा.

अशा सुरीला गंजापासून थोडं संरक्षण म्हणून काळा थर चढवता येतो. पातं साबणाने तेलकटपणा जाईपर्यंत धुवावं, कोमट व्हिनेगरमध्ये किंवा कडक, बिनदुधाच्या चहात वीस-तीस मिनिटं ठेवावं, मग धुऊन खाण्याच्या सोड्याने आम्ल मारावं आणि तेल लावावं. ताजं कोकमही चालतं. आगळ नको, त्यात मीठ आहे. या थराने लाल गंजाचा वेग कमी होतो, थांबत नाही.

जाडीबद्दल अजून थोडं, कारण सुरी घेताना सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे व्हर्नियर, जाडी मोजायची पट्टी. पाठीची जाडी पाकिटावर लिहिलेली असते. तिच्यापेक्षा महत्त्वाची असते धार जिथे सुरू होते त्याच्या लगेच वरची जाडी. ती ०.३ ते ०.५ मि.मी. असेल तर सुरी कापते. ०.८च्या पुढे गेली की कितीही धार लावा, कलिंगड फुटेल पण चिरलं जाणार नाही. ईएसईई-३ पाठीला ३.२ मि.मी. आहे आणि सपाट घासलेली असल्यामुळे ठीक कापते. मोराची कंपॅनियन २.५ मि.मी., पातं १०४ मि.मी. लांब; तिचाच जाड भाऊ गारबर्ग ३.२ मि.मी. आणि पोलाद पूर्ण मुठीतून आरपार गेलेलं.

मोराच्या पात्याला एकच रुंद उतार असतो, तोच खाली धारेला मिळतो. बांबू आणि लाकूड तासायला याच्यासारखं नाही, कारण उतार लाकडावर टेकला की कोन आपोआप धरला जातो. पण ही धार फार नाजूक आणि पातळ असते. माशाच्या डोक्याच्या हाडावर किंवा वाळलेल्या खैरावर तिला बारीक दाते पडतात. उपाय सोपा: बारीक दगडावर दोन्ही बाजूंनी जरा मोठ्या, १८-२० अंशांच्या कोनात चार-पाच हलके हात. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी दुसरी धार तयार होते आणि तक्रार संपते.

मूठ. मासे साफ करताना हात चरबीने बुळबुळीत असतात, म्हणून बोटांपुढे थोडा तरी उठाव हवा, नाहीतर बोटं धारेवर सरकतात. रबरासारखी मूठ पकडायला चांगली, पण डास पळवायच्या काही मलमांत डीईईटी असतं आणि ते काही जातींची प्लास्टिक-रबरं विरघळवतं. मलम लावल्यावर हात धुऊनच सुरी धरा. मिकार्टा, म्हणजे राळेत दाबलेलं कापड, ओल्या हातात सगळ्यात उत्तम. लाकडात साग किंवा शिसव. फणसाची मूठ दिसायला सुंदर, पण पावसाळ्यात तेल पाजत राहावं लागतं. लोहाराच्या सुरीत पितळी खिळे घालू नका. खाऱ्या पाण्यात पितळ आणि पोलाद एकमेकांना लागून असले की गंज पोलादाच्या वाट्याला येतो, आणि तो मुठीच्या आत, न दिसणाऱ्या जागी वाढतो. ३०४ किंवा ३१६ स्टेनलेसच्या काड्या वापरा आणि पातं मुठीत बसवताना लाखेऐवजी इपॉक्सी. उन्हात तापलेल्या होडीत लाख मऊ पडते.

म्यानाकडे बहुतेक लोक लक्ष देत नाहीत आणि किनाऱ्यावरच्या निम्म्या सुऱ्या म्यानामुळेच जातात. चामडं पाणी आणि मीठ धरून ठेवतं, कमावताना वापरलेलं आम्लही त्यात थोडं उरतं, आणि श्रावणात त्याला बुरशी येते. चामड्याचं म्यान नुसतं नेण्या-आणण्यापुरतं, सुरी त्यात कधीही ठेवून द्यायची नाही. प्लास्टिकच्या म्यानाला तळाशी भोक आहे ना ते पाहा; नसेल तर ५ मि.मी.चं पाडा. घट्ट बसणाऱ्या कायडेक्सच्या (एका कडक प्लास्टिकच्या) म्यानात वाळूचे कण अडकतात आणि प्रत्येक वेळी पातं ओरखडतात. अधूनमधून नळाखाली उलटं धरून धुवा.

समुद्रावरून आल्यावर करायचं एवढंच: सुरी आणि म्यान दोन्ही गोड्या पाण्याने धुवायची, मुठीचा जोड नीट घासायचा, पुसून वाऱ्यावर ठेवायची आणि त्या रात्री म्यानाबाहेर. कार्बन स्टील असेल तर वरून लिक्विड पॅराफिनचा हात. ते औषधाच्या दुकानात मिळतं आणि पोटात गेलं तरी घाबरायचं कारण नाही. खोबरेल चालतं पण त्यातली मुक्त आम्लं जुन्या तेलात वाढतात, म्हणून लांब मुदतीला ठेवायच्या सुरीला ते नको. फणसाचा चीक पाण्याने जात नाही. आधी खोबरेल चोळायचं, चीक सुटला की साबण. काजूच्या बीच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं, म्हणून ओल्या बिया फोडलेली सुरी हातमोजा घालून तेल आणि मग साबणाने साफ केल्याशिवाय स्वयंपाकाला घेऊ नका.

स्टेनलेसवर तपकिरी ठिपके दिसले तर लोखंडी तारेची घासणी वापरू नका. तिचे कण पात्यात रुतून राहतात आणि तेच पुढे गंजतात. खाण्याचा सोडा आणि नायलॉनची घासणी, नाही गेले तर १५०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, पात्याच्या लांबीच्या दिशेने.

धार लावायला महाग दगड नसला तरी चालतं. हार्डवेअरच्या दुकानातला दुतर्फा कुरुंदाचा दगड बहुधा फारच भरड असतो. दाते पडलेली धार सरळ करण्यापुरता तो ठेवा. रोजच्या कामाला रंगाच्या दुकानातले ४००, १००० आणि २००० नंबरचे पॉलिश पेपर आणि एक सपाट काचेचा तुकडा. काच ओली करा, पेपर त्यावर चिकटवा. सुरी नेहमी पाठीच्या दिशेने ओढायची, धारेच्या दिशेने ढकलली तर पेपर फाटेल. कोन मोजायला पात्याची रुंदी पुरते: २० मि.मी. रुंद पातं असेल तर पाठ ५ मि.मी. उचलली की साधारण १५ अंश, ७ मि.मी. उचलली की २० अंश. मोराचा रुंद उतार मात्र पूर्ण टेकवूनच घासावा. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला धारेच्या पूर्ण लांबीवर नखाला अडेल असा बारीक बर, म्हणजे वळलेल्या पोलादाची पातळ कड, येईपर्यंत. मुठीपासून टोकापर्यंत बर आला नाही तोवर बाजू बदलायची नाही. धार लागत नाही म्हणणाऱ्या बहुतेकांचं इथेच चुकतं, टोकाकडचा इंचभर भाग राहून जातो. मग दुसरी बाजू, मग पुढचा पेपर. शेवटी बर काढायला जाड जीन्सच्या कापडावर दहा-बारा हलके हात. मासे आणि दोरीसाठी १००० नंबरवरच थांबा, जरा खरखरीत धार तिथे जास्त धरते. बांबू आणि लाकडासाठी २०००पर्यंत जा.

कायद्याचंही पाहून ठेवा. २०१६च्या शस्त्र नियमांत परवान्याच्या यादीत येतात ती ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं, आणि घरगुती, शेतीच्या वा उद्योगाच्या कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. चार इंची सुरी त्या मापात येत नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सणावाराला, निवडणुकीच्या काळात जिल्ह्यात जमावबंदीसोबत हत्यारं बाळगायला मनाई होते, आणि त्या आदेशात सुऱ्याही येऊ शकतात. त्या दिवसांत कमरेला लावून बाजारात जाऊ नका. एरवीही एसटीत आणि कोकण रेल्वेत ती म्यानात घालून, फडक्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवा, विमानाने जायचं तर चेक-इनच्या सामानात.